टाकळा, ट्यूब आणि ओला लंगोट

कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीत या पावसाळ्यात वाद पेटला तो डावपेचांवरून नव्हे, खाजेवरून. तालमीत मुक्कामाला असलेल्या पोरांपैकी निम्म्याअधिकांच्या जांघेत, कमरेला, काखेत तांबूस गोल चट्टे उठले होते. वस्तादांनी रानातून टाकळा आणवला, त्याच्या बिया ताकात भिजत घातल्या आणि फर्मान काढलं, की मेडिकलमधली एकही ट्यूब तालमीत दिसता कामा नये. त्याच तालमीच्या हौद्यात एके काळी घाम गाळलेला आणि आता त्वचारोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवणारा त्यांचा एक पठ्ठा खबर लागताच संध्याकाळी येऊन धडकला.

गजकर्ण आणि नायटा ही नावं घराघरात ठाऊक आहेत, पण पुरुषमाणूस ती आपल्या तोंडाने घेत नाही. जांघेतली खाज पानटपरीवर विनोदाला चालते. दवाखान्यात सांगायची वेळ आली की जीभ रेटत नाही. तालमीत निदान ती अडचण नसते. सगळेच लंगोटावर, लपवणार काय आणि कुठे?

"ही माती बघ," वस्तादांनी मूठभर तांबडी माती उचलून त्याच्यापुढे धरली. "हळद हाय हिच्यात. ताक, लिंबू, कापूर, तेल, सगळं हाय. माझ्या वस्तादांच्या आधीपासनं पोरं हिच्यात लोळतायत. हे गजकर्णाचं थैमान मॅट आल्यापासनं सुरू झालं."

"मॅटवर खेळूनच खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत पदक मिळवलं, वस्ताद. आणि मॅट निदान जंतुनाशकानं पुसता तरी येते. माती कशानं पुसणार?"

वस्तादांना हे झोंबलं. डॉक्टरचं पुढचं बोलणं त्याहून झोंबणारं होतं. त्वचेचा वरचा थर, केस आणि नखं ज्या केरॅटिन नावाच्या प्रथिनाची असतात, त्यावर जगणाऱ्या बुरशी मुळात मातीतल्याच. जमिनीत पडलेली पिसं, जनावरांचे केस, शिंगं-खुरांचे तुकडे कुजवणं हे त्यांचं काम. त्यांतल्या काही जातींनी पुढे जनावरांच्या आणि माणसांच्या अंगावरच बिऱ्हाड केलं. मातीतली ही बुरशी प्रयोगशाळेत पकडायची तर आजही थाळीत ओलसर माती घेऊन तीवर निर्जंतुक केलेले घोड्याचे केस पसरतात. काही आठवड्यांत केसांवर पांढुरकी लव चढते.

"म्हणजे माझ्या मातीनं पोरांना रोग दिला म्हणतोस?"

"तसंही नाही. पोरांनी पोरांना दिला. अंगाला अंग घासलं की कातडीचे सूक्ष्म कपचे एकाचे दुसऱ्याला लागतात, आणि त्यांत बुरशीचे बीजाणू असतात. अमेरिकेत कुठली आलीय तांबडी माती? तिथं मॅटवरच्या पैलवानांत हा रोग इतका बोकाळला, की त्याला वैद्यकात वेगळं नावच पडलं. कॉलेजांच्या स्पर्धेत अंगावर चट्टा असला, तर निदान ७२ तास मलमाचा उपचार झाल्याशिवाय पोराला आत सोडत नाहीत."

"तसं केलं तर माझी निम्मी तालीम भिंतीला टेकून बसंल."

"बसू दे की."

इथे वाद थांबायला हरकत नव्हती, पण वस्तादांचा खरा मुद्दा मातीचा नव्हताच. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी पावसाळ्यात एखाद्या पोराला गजकर्ण व्हायचं, टाकळ्याचा लेप लावला की आठ-पंधरा दिवसांत सुकायचं. आता पोरं वर्ष वर्ष खाजवतात, हजारो रुपये घालवतात आणि चट्टा मात्र पसरत राहतो. मग जुनं सोडून नव्याच्या मागे का लागायचं? प्रश्न बिनतोड आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदांमध्येही गेली दहा-बारा वर्षं हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो.

डॉक्टरने टाकळ्याला नावं ठेवली नाहीत. ठेवणार तरी कशी, लहानपणी त्याच्या स्वतःच्या कमरेवरचा नायटा वस्तादांनीच टाकळा चोळून बरा केला होता. टाकळ्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल आणि त्याच्या भाऊबंदांतली द्रव्यं असतात आणि ती बुरशीला मारक ठरू शकतात, हे त्याने कबूल केलं. मग त्याने गोवा पावडरीची गोष्ट काढली.

एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या आणि गोव्यातल्या औषधविक्रेत्यांकडे गजकर्णावर एक पिवळसर-तपकिरी भुकटी मिळे. ती लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगारमध्ये कालवून चट्ट्यावर लावायची. गुण यायचा, पण ती कशाची बनते हे कुणी सांगत नसे. पोर्तुगीजांच्या हद्दीतून येते, एवढीच माहिती. पुढे १८७० च्या दशकात उलगडा झाला : ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडात, आतल्या भेगांमध्ये ही भुकटी साचते. पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने ती अर्धं जग ओलांडून गोव्यात आणि तिथून मुंबईत पोचत होती. तिच्यातला मुख्य भाग क्रायसारोबिन, म्हणजे रसायनाच्या वंशावळीत टाकळ्यातल्या द्रव्याचा जवळचा नातलग. त्यावरून सुचून जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९१६ च्या सुमाराला डायथ्रानॉल बनवलं. सोरायसिसवर ते अजूनही वापरतात.

"बघ!" वस्ताद उसळले. "म्हणजे झाडपाल्यात दम हाय."

"दम आहे म्हणूनच भीती. ती पावडर कातडी भाजायची. अंगाला आणि कपड्यांना पडलेले डाग निघायचे नाहीत, चुकून हात डोळ्याला लागला तर डोळे सुजून बंद. झाडातून आली म्हणून ती सौम्य नव्हती. परवा एक पोरगा माझ्याकडे आला, त्यानं मोबाइलवर बघून लसूण ठेचून रात्रभर जांघेत बांधला होता. सकाळी गजकर्ण होतं तिथंच, वर भाजल्याचा फोड."

लसणाचं उदाहरण त्याने मुद्दाम दिलं असावं, कारण लसणाच्या बाजूनेही पुरावा आहे. व्हेनेझुएलातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये लसणापासून मिळणाऱ्या अजोईन या द्रव्याचं ०.६ टक्क्याचं जेल जांघेतल्या आणि अंगावरच्या गजकर्णासाठी साठ सैनिकांच्या अभ्यासात वापरून पाहिलं. तुलनेला टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाचं मलम होतं. दोन्हींचा गुण जवळपास सारखा आला. ऑस्ट्रेलियातल्या टी ट्री तेलाचीही अशी चाचणी झाली आहे. पायाच्या बोटांमधल्या बुरशीवर ५० टक्के तेलाच्या द्रावणाने ६४ टक्के लोकांची बुरशी गेली, औषधाविना नुसतंच द्रावण लावलेल्यांत ३१ टक्के. मात्र तेल लावलेल्यांपैकी काहींना त्या तेलानेच त्वचादाह झाला. या चाचण्या लहान आहेत. त्यांवरून एवढंच म्हणता येतं, की वनस्पतीतलं द्रव्य वेगळं काढून, मोजून, ठरलेल्या प्रमाणात लावलं तर ते औषध होऊ शकतं. खलबत्त्यातल्या लसणाला हे लागू होत नाही. लिंबाचा रस लावून उन्हात बसणाऱ्यांना तर काळ्या डागांची वेगळीच भेट मिळते. कडुनिंबाचा पाला घालून अंघोळ केल्याने नुकसान काही नाही. पण तेवढ्याने पसरलेला चट्टा जाईल असं मानून महिना घालवणं हे नुकसानच.

"आणि नैसर्गिकच हवं असेल," डॉक्टर म्हणाला, "तर ग्रिझिओफुल्विन घ्या की. गजकर्णावरची पहिली पोटात घ्यायची गोळी. १९३९ साली ती एका बुरशीतूनच वेगळी काढली. बुरशीनं बुरशीवर केलेलं औषध, याहून नैसर्गिक काय पाहिजे?"

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी एका पोराला हाक मारली आणि त्याच्या ट्रंकेतून एक चेपलेली ट्यूब काढायला लावली. "हे बघ तुझं सायन्स. तीन महिने लावतोय हा. दाखव रे."

पोराने लंगोटाची कड सरकवली. चट्ट्याच्या कडा पुसट झाल्या होत्या, गोलाच्या आत दुसरा गोल उठला होता, आणि मांडीच्या आतल्या बाजूला कातडी तडकल्यासारख्या तांबड्या-पांढऱ्या रेघा पडल्या होत्या. डॉक्टरने ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. या भांडणात दोघांचा शत्रू एकच आहे, हे तेव्हा उघड झालं.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती : बुरशीवरचं एक, जिवाणूंवरचं एक आणि क्लोबेटासोल हे अतिशय जोरकस स्टिरॉइड. स्टिरॉइडने दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि माणसाला वाटतं, रामबाण सापडला. प्रत्यक्षात बुरशीशी लढणारी शरीराची प्रतिक्रियाच दाबली गेलेली असते. बुरशी आत निवांत पसरते. ट्यूब बंद केली की खाज दुप्पट होते, की पुन्हा ट्यूब. जांघेतली कातडी मुळातच पातळ, ती आणखी पातळ होते. त्या रेघा जन्मभर जात नाहीत. सरकारने मार्च २०१८ मध्ये चौदा प्रकारची स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ज्या ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली त्यांत असली मलमंही होती. तरी मेडिकलच्या काउंटरवर "खाजेचं काहीतरी द्या" म्हटल्यावर पुढे काय सरकवलं जातं, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

"मग मी काय वेगळं सांगत होतो?" वस्तादांचा चेहरा खुलला. "ट्यूब बंद!"

"ही ट्यूब बंद. औषध बंद नव्हे."

तुमच्या काळचं गजकर्ण आणि आजचं गजकर्ण एक नव्हे, असं डॉक्टर सांगू लागला. भारतात पूर्वी बहुतेकांना ट्रायकोफायटन रुब्रम ही बुरशी व्हायची. गेल्या दशकात तिची जागा दुसऱ्याच एका जातीने घेतली. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं. भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांच्या अंगावर ती त्यांना सापडली होती. तिच्यातल्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे हुकमी औषध चालत नाही, कारण हे औषध बुरशीच्या ज्या विकरावर घाव घालतं त्या विकराचाच जनुक बदललेला असतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. अर्धवट उपचार आणि स्टिरॉइडच्या ट्यूबा यांनी तिच्या फैलावाला हातभार लावला, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात.

"अशा बुरशीला टाकळ्यानं काय होणार, वस्ताद? टाकळ्याची भाजी करा. पावसाळ्यात झकास लागते."

तपासणी आणि उपचार कसे करायचे हे त्याने पोरांना जवळ बोलावून दाखवलं. चट्ट्याची कड बोथट पात्याने हलकेच खरवडायची, निघालेला कोंडा काचेवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून थोडा वेळ थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला : विरघळलेल्या पेशींमधून आरपार गेलेले, फांद्या फुटलेले पारदर्शक तंतू. कड का खरवडायची? कारण वणवा जसा कडेने पेटत पुढे सरकतो आणि मध्ये राख सोडतो, तशी ही बुरशी मधलं केरॅटिन संपवून बाहेर पसरते. म्हणून मलमही मधोमध फासून उपयोग नाही. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, दिवसातून दोनदा, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे. ज्यांचे चट्टे हातभर पसरलेत त्यांना गोळ्या लागतील. त्या डॉक्टर ठरवेल, किती आठवडे तेही डॉक्टरच ठरवेल, आणि खाज थांबली म्हणून त्या मध्येच सोडायच्या नाहीत.

वस्ताद ऐकत होते, पण पटल्याची खूण चेहऱ्यावर नव्हती. "समजा, केलं सगळं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच ना?"

"पुन्हा हेच, जर ते तसंच राहिलं तर." डॉक्टरने मागच्या खोलीकडे बोट केलं.

तालमीची मागची खोली म्हणजे कपडे वाळवायची जागा. एकच झरोका, भिंतीला ओल, आडव्या बांधलेल्या दोरीवर दहा-बारा लंगोट एकमेकांवर चढलेले. डॉक्टरने एक उचलला. वरून सुका लागत होता. पट्टीची दुहेरी शिवण उलटून दाबली तर बोटं ओली झाली. पावसाळ्यात जाड सुती कापडाचा हा लंगोट दिवसभरात वाळत नाही, पोरं संध्याकाळी तसाच कसतात, त्यावर दोन तास मेहनत आणि घाम. बुरशीला ऊब, ओल आणि घर्षणाने सोललेली कातडी हवी असते. तिन्ही इथे घरपोच मिळतात.

प्रतिबंध औषधाविना होतो, आणि तो करताना झाडपाल्याचीही गरज पडत नाही. तालमीतला निम्मा वाद या दोरीपाशी मिटतो, असं म्हणायला हरकत नाही. व्हिएतनाम युद्धात मेकाँगच्या खोऱ्यात भातखाचरांतून फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकांना पायांना आणि जांघांना बुरशीने असं काही घेरलं, की तुकड्याच्या तुकड्या निकामी झाल्या. तेव्हा लष्करी त्वचातज्ज्ञांना सैनिकांनी ओल्यात सलग किती वेळ काढायचा यावर मर्यादा घालावी लागली, मधे अंग आणि बूट सुकवायला वेळ द्यावा लागला. आपल्याकडे भातलावणी करणाऱ्याच्या पायाला चिखल्या होतात तेव्हा घरची म्हातारी माणसंही आधी पाय कोरडे करायला सांगतात.

डॉक्टरने मग यादी सांगितली नाही, दोरीच हलवली. लंगोट माळ्यावर, वाऱ्याच्या तोंडाला. प्रत्येकाचे दोन-तीन, आलटून पालटून. धुताना साध्या थंड पाण्याने भागत नाही. बीजाणू कातडीच्या कपच्यांत महिनोन्‌महिने टिकतात. साठ अंशांच्या आसपासचं पाणी हवं.

"बंब हाय आमचा," वस्ताद म्हणाले, "कढत पाण्याला काय तोटा?" त्यांचा सूर आता वादाचा नव्हता. वाळलेल्या लंगोटावर इस्त्री फिरवायची म्हटल्यावर मात्र त्यांनी भुवया उंचावल्या. पैलवानाच्या लंगोटाला इस्त्री!

पंचे वेगळे, साबणही आपापला. कुस्ती झाली की लगेच अंघोळ, आणि अंघोळीनंतर जांघ, काख, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. मग पाचेक मिनिटं पंख्याखाली मोकळं उभं राहायचं, तोवर कपडे चढवायचे नाहीत. वस्तरा एकमेकांचा वापरायचा नाही. तेलमालिश हवी तर अंघोळीआधी. तेल लावून वर चड्डी कसली की ओल आत कोंडते. ज्याच्या पायाच्या बोटांत बुरशी आहे त्याने आधी मोजे घालायचे, मग चड्डी. नाहीतर पायातली बुरशी कापडाबरोबर वर चढते. पोरांना यातलं हेच सगळ्यात गमतीचं वाटलं. तालमीबाहेर घट्ट जीन्स घालून दुपारभर मोटारसायकलवर फिरणाऱ्यांना त्याने दोन शब्द वेगळे सुनावले.

करदोट्यापाशी मात्र गाडी अडली. तीन-चार पोरांचा चट्टा नेमका करदोट्याच्या रेषेत कमरेभोवती फिरला होता. घामाने भिजलेला, वर्षानुवर्षं न बदललेला काळा दोरा. बुरशीला याहून सुरक्षित घर नाही. त्वचारोगतज्ज्ञ असे दोरे, गंडे काढायला सांगतात.

"करदोटा तोडायचा न्हाई," वस्ताद ठामपणे म्हणाले. "आईबापांनी बांधलेला असतो."

"तोडू नका. उपचार चालू आहे तोवर उतरवून ठेवा. बरं झाल्यावर आईबापांनाच नवा बांधायला सांगा."

वस्तादांनी यावर हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पोरं पांगल्यावर त्यांनी डॉक्टरला बाजूला घेतलं. दोन महिन्यांपासून त्यांनाही खाज होती. टाकळा लावून झाला, निंबाचं तेल लावून झालं. डॉक्टरने पाहिलं. गोल कड नव्हती. लालभडक ओलसर कातडी, भोवती बारीक पुटकुळ्या, आणि वृषणाच्या कातडीवरही लाली. गजकर्ण बहुधा ती जागा सोडतं. हा कँडिडा या दुसऱ्याच बुरशीचा प्रकार दिसत होता. "साखरेची गोळी कुठली चालू आहे?" या प्रश्नावर वस्ताद चपापले, साखर आहे हे तालमीत कुणाला माहीत नव्हतं. खिशातल्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन होतं. हे औषध जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, त्यामुळे काही पुरुषांना जननेंद्रियाच्या जागी असा बुरशीसंसर्ग होतो. "गोळी आपल्या मनानं बंद करू नका," डॉक्टर म्हणाला. "उद्या साखर तपासून या, तुमच्या फिजिशियनशी मी बोलतो. आणि टाकळ्यानं हे जाणार नव्हतंच."

"पण टाकळ्यानं तू बरा झालास."

"झालो. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, चट्टा रुपयाएवढा होता आणि तुम्ही मला महिनाभर हौद्यात उतरू दिलं नव्हतं. त्यातलं कशानं बरं झालं, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही."

शेवटचा तिढा एका लग्न झालेल्या पोराचा होता. तो दर शनिवारी गावी जायचा आणि सोमवारी चट्टा ताजा घेऊन यायचा. घरात एकाला असेल तर सगळ्यांना तपासायला हवं, नाहीतर एकाचं औषध संपतं आणि दुसऱ्याकडून तोच रोग परत येतो. म्हणजे त्याच्या बायकोलाही दाखवायला आणायला हवं, असं डॉक्टर म्हणाला.

"हे त्याला मी सांगू?"

"तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर लाजेनं फोन ठेवेल. आणि येताना दोघांनी घरातले जुने पंचे आणि त्या ट्यूबा घेऊन यायच्या, काय काय लावलंय ते मला बघायचंय."

वस्तादांनी चष्मा लावला आणि मोबाइलमध्ये नंबर शोधायला सुरुवात केली.